चारा, चरबी आणि कलेजी: मटण-चिकन घेताना नेमकं काय बघायचं

बोकड बाभळीच्या शेंगांवर वाढला काय किंवा मक्याच्या भरड्यावर, त्याच्या मांसातली प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात. चरबी काढलेल्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. नेहमीच्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांमध्ये लोह आणि जस्तातही मोठी तफावत नसते. जनावराच्या खाण्याचा परिणाम दिसतो तो मुख्यतः चरबीत आणि कलेजीत. चरबीत विरघळणारे पदार्थ चरबीत साठतात. औषधं, बुरशीची विषं आणि अ जीवनसत्त्व यांचा निचरा किंवा साठा कलेजीत होतो. त्यामुळे मांस चांगलं की वाईट हे ठरवताना आधी या दोन जागा बघाव्यात. ‘गावरान’, ‘ऑरगॅनिक’, ‘फार्म फ्रेश’ या पाट्या त्यानंतर.

रवंथ करणारे आणि न करणारे

कोंबडी आणि डुक्कर यांच्या पोटात जशी चरबी जाते, बरीचशी तशीच अंगावर चढते. कोंबडीच्या खाद्यात राईस ब्रॅन किंवा सोयाबीन तेल जास्त घातलं तर तिची चरबी मऊ होते आणि त्यात ओमेगा-६ वाढतं. खाद्यात फिशमील जास्त असेल आणि शेवटच्या आठवड्यांत ते बंद केलं नसेल, तर शिजवलेल्या चिकनला माशाचा वास येतो.

याच गुणाचा उपयोग करून ‘ओमेगा-३ अंडी’ तयार होतात. लेयर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या खाद्यात ५ ते १० टक्के जवस घातला की दोन-तीन आठवड्यांत बलकातली चरबी बदलते. विदर्भात जवस पिकतो, त्यामुळे घरच्या दहा-वीस कोंबड्यांसाठी हा प्रयोग महाग पडत नाही. मात्र १० टक्क्यांच्या वर गेलात की अंड्याला माशासारखा वास येऊ लागतो आणि अंड्याचं वजनही घटतं.

शेळी, मेंढी, म्हैस यांचं वेगळं आहे. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू चाऱ्यातली असंतृप्त चरबी मोडून तिचं बरंचसं संतृप्त चरबीत रूपांतर करतात. म्हणूनच मटणाचा रस्सा थंड झाला की वर पांढरा थर गोठतो आणि कोंबडीचा तितका गोठत नाही. हिरव्या चाऱ्यावरच्या जनावराच्या मांसात ओमेगा-३ थोडं जास्त असतं हे खरं आहे, पण ते ‘थोडं’ मिलिग्रॅमच्या मापातलं. शंभर ग्रॅम तारलीत किंवा बांगड्यात ते ग्रॅमच्या घरात भरतं. ओमेगा-३ साठी चराईच्या बोकडाचे जादा पैसे मोजण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तारली आणावी.

त्याच जिवाणूंची एक चांगली बाजूही आहे. चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं की ते बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात आणि ते मांसात, कलेजीत उतरतं. कोंबडीला हे स्वतः फारसं जमत नाही, म्हणून तिच्या खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्व-खनिज मिश्रणात (प्रीमिक्समध्ये) बी-१२ घालावं लागतं.

ब्रॉयलर: भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही

‘हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबड्या फुगवतात’ हे वाक्य प्रत्येक जेवणावळीत ऐकू येतं. ते खरं नाही. वाढीचं हॉर्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर ते पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना रोज एकेक करून टोचणं कुठल्याही शेडवाल्याला परवडणारं नाही. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो तो निवडक पैदास आणि मका-सोयाबीन पेंडीचं नेमकं खाद्य यांमुळे.

या वेगाची किंमत मात्र आहे, आणि ती छातीच्या मांसात डोळ्यांना दिसते. छातीवर स्नायूंच्या दिशेने पांढऱ्या रेषा असतील तर ती चरबी आहे. अशा मांसात चरबी जास्त आणि प्रथिनं कमी असतात. छाती बोटानं दाबल्यावर लाकडासारखी घट्ट लागली तर शिजल्यावर ती रबरासारखी होते. यांपैकी काही खाल्ल्यानं आजार होत नाही, पण जिमसाठी ‘ब्रेस्ट’चे जादा पैसे देणाऱ्यानं तरी अशी छाती घेऊ नये. साधारण दीड किलोचा पक्षी घेतला तर हे दोष कमी सापडतात.

जिवंत कोंबडी निवडत असाल तर पायाचं ढोपर आणि तळवे बघा. तिथे काळे-तपकिरी चट्टे असतील तर ती ओल्या, अमोनियाचा वास मारणाऱ्या तुसावर बसून वाढली आहे. अशा शेडमध्ये आजार जास्त आणि म्हणून औषधंही जास्त. शेपटीखालची पिसं विष्ठेनं चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले, चोचीतून घरघर, यांपैकी काहीही असेल तर दुसरी घ्या. कातडी पिवळी आहे म्हणून पक्षी सकस, असं मात्र समजू नका. पिवळेपणा पिवळ्या मक्यातून येतो. बलकाचा गडद केशरी रंगही तसाच, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालून तो हवा तितका वाढवता येतो.

चिकन घेताना कलेजी बघायला मागा. तजेलदार, गडद तपकिरी-लाल आणि कडा धारदार हवी. फिकट पिवळट, सुजलेली, बोटात धरताच भुगा होणारी कलेजी टाकून द्या. मका किंवा शेंगदाणा पेंड पावसाळ्यात ओलसर राहिली की त्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. त्याचा पहिला मार बसतो तो पक्ष्याच्या यकृतावर. हे विष नेहमीच्या शिजवण्यानं जात नाही.

आता गावरान. उकिरडा, गवत, किडे यांवर हिंडणाऱ्या कोंबडीत चरबी कमी आणि चव जास्त असते. ऊन मिळाल्यानं बलकात ड जीवनसत्त्वही जास्त असतं. पण शहरात गावरान म्हणून विकली जाणारी कोंबडी अनेकदा अंडी देऊन थकलेली लेयर असते. तिच्या पोटात पिवळ्या चरबीचा मोठा गोळा निघतो आणि हाडं सुरीखाली कटकन तुटतात. खऱ्या गावरान कोंबडीचा पाय बारीक पण कणखर, हाड टणक आणि पोटात चरबी नावाला. कोवळेपणा बघायचा असेल तर छातीच्या हाडाचं मागचं टोक वाकवून बघा. सहज वाकलं तर पक्षी कोवळा, अजिबात वाकलं नाही तर जून.

एक सावधगिरी गावरानलाही लागू आहे. ज्या वस्तीत कचरा आणि प्लास्टिक उघड्यावर जाळलं जातं, तिथली माती उकरून खाणाऱ्या कोंबडीच्या चरबीत आणि अंड्यात डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ उतरतात. कचरा डेपोच्या कडेला पोसलेल्या गावरानपेक्षा स्वच्छ शेडमधला ब्रॉयलर बरा.

मटणाच्या दुकानात

शक्य असेल तर पालिकेच्या कत्तलखान्यात कापलेलं आणि शिक्का असलेलं मटण घ्यावं. मुंबईत देवनारला पशुवैद्य जनावर कापण्याआधी आणि नंतर तपासतात. शिक्क्याचा अर्थ हाच, की फुप्फुसं आणि कलेजी कुणीतरी जाणत्यानं उघडून बघितली आहेत. शिक्का नसेल तर हे काम आपल्यावर येतं.

टांगलेल्या धडाकडे पुढच्या क्रमानं बघा.

१. चरबीचा रंग. बकऱ्याची चरबी पांढरी किंवा दुधाळ असते, कारण शेळी चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. गाईला ते पूर्ण जमत नाही, म्हणून तिची चरबी पिवळसर दिसते. बकऱ्याची चरबी पिवळीधमक दिसली तर कावीळ किंवा यकृताचा आजार असू शकतो. ते मटण सोडा.

२. चरबीचं प्रमाण. गुर्द्याभोवती मुठीएवढी चरबी म्हणजे भरपूर खुराकावर बांधून वाढवलेला बोकड. चव चांगली लागते, पण एका किलोमागे काढून टाकण्यासारखं बरंच निघतं. चरबी जवळपास नाहीच आणि मांस ओलसर, चिकट दिसत असेल तर जनावर उपाशी किंवा आजारी होतं.

३. मांसाचा रंग. ताज्या मटणाचा रंग लालसर गुलाबी ते चेरीसारखा लाल. काळपट, कोरडं आणि घट्ट मांस बहुधा दमलेल्या जनावराचं असतं. टेम्पोत कोंबून आणलेल्या, रात्रभर उपाशी आणि घाबरलेल्या बोकडाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं. मग कापल्यानंतर लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही. मांसाचा सामू (पीएच) एरवी साधारण ५.६ ते ५.८ पर्यंत उतरतो, तो सहाच्या वर राहतो आणि अशा मांसात जिवाणू भराभर वाढतात. ते त्याच दिवशी शिजवावं, साठवू नये.

४. वय. मुंडी दिसत असेल तर दात बघा. अदंत म्हणजे साधारण वर्षाच्या आतला, दोन दाती दीड वर्षाच्या आसपास, चार दाती दोनच्या पुढचा. मुंडी नसेल तर बरगड्या बघा. लालसर आणि गोलसर असतील तर कोवळा, पांढऱ्या आणि चपट्या असतील तर जून.

५. वास. न खच्ची केलेल्या जून बोकडाच्या चरबीला उग्र दर्प असतो. हा आजार नाही, पण चव बिघडते. खस्सी (खच्ची केलेला बोकड) किंवा पाट (तरुण शेळी) मागा. पुण्याकडे बोल्हाईचं मटण मागितलं की मेंढीचं मिळतं. त्यात चरबी जास्त असते, हे लक्षात ठेवून कमी तेलात करावं.

कलेजी चिरायला सांगा आणि चिरताना बघा. पाण्यानं भरलेल्या पारदर्शक गाठी असतील तर ती कलेजी घेऊ नका आणि कुत्र्याला तर मुळीच घालू नका. त्या कुत्र्याच्या पोटात वाढणाऱ्या फीतकृमीच्या अळीच्या गाठी असतात. कुत्र्यानं त्या खाल्ल्या की त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात, आणि भाजीपाल्यातून किंवा हातांवरून माणसाच्या पोटात जाऊन यकृतात तशाच गाठी करतात. अशी कलेजी खोल पुरावी किंवा जाळावी. कलेजीत पांढऱ्या, जाड नळ्या दिसल्या तर यकृत-कृमी. पुवाच्या गाठी दिसल्या तर बहुधा जनावराला एकदम जास्त धान्य चारलं गेलं असावं. ते कसं, ते पुढे येईलच.

खिमा तयार घेऊ नका. मांडीचा तुकडा निवडा, चरबी काढून घ्या, समोर करून मागा आणि त्याआधी मशिनमधला आधीचा खिमा काढायला लावा. तयार खिम्यात चरबी किती आहे हे ओळखता येत नाही, शिवाय वरचे जिवाणू दळताना आतपर्यंत पोचतात.

जत्रेसाठी किंवा ईदसाठी बोकड पोसणाऱ्यांसाठी

साधारण २५ किलोच्या बोकडाला दिवसाला दोन ते सव्वादोन किलो हिरवा चारा द्यावा, त्यात अर्धा तरी शेवरी, सुबाभूळ, हादगा किंवा मेथी घास असावा. सोबत तूर किंवा हरभऱ्याचं भूस ४०० ग्रॅम आणि खुराक २५० ग्रॅम. खुराकाचं प्रमाण असं:

मका भरडा ४५ भाग, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड २५ भाग, गव्हाचा कोंडा २७ भाग, खनिज मिश्रण २ भाग, मीठ १ भाग.

खुराक पहिल्या दिवशी ५० ग्रॅमपासून सुरू करून १० ते १२ दिवसांत पूर्ण मात्रेवर न्या. बरेच जण विकत आणलेल्या बोकडाला पहिल्याच संध्याकाळी पाटीभर मका घालतात. पोटातले जिवाणू इतक्या पिठूळ खाद्याला सरावलेले नसतात. आम्ल वाढतं, पोट फुगतं, पोटाच्या आतल्या भिंतीला जखमा होतात आणि तिथून जिवाणू रक्तावाटे यकृतात जाऊन गाठी करतात. कलेजीत दिसणारा पू तो हाच.

कोंडा ठरल्यापेक्षा वाढवू नका. त्यात फॉस्फरस जास्त असल्यानं खस्सी बोकडांना मूतखडा होतो. लघवी तुंबलेला बोकड दोन दिवसांत मरू शकतो. मीठ आणि भरपूर पाणी त्यासाठीच. पेंड कुबट लागली, ढेकळं झाली किंवा हिरवट-काळे ठिपके दिसले तर वाळवून वापरू नका, टाकून द्या. वाळवल्यानं बुरशी मरते, विष राहतं.

जंतनाशक पोसायला घेतल्याबरोबर द्यावं, शेवटी नको. कापण्याच्या आधी १२ तास चारा बंद आणि पाणी चालू ठेवावं, म्हणजे आतडं रिकामं राहतं आणि कापताना फुटून मांसावर घाण येत नाही. लांबून आणलेल्या जनावराला तर पूर्ण दिवसाची विश्रांती द्यावीच.

औषधांचा प्रश्न

खरी काळजी इथे आहे. प्रतिजैविक दिल्यावर ते शरीरातून बाहेर पडायला ठरावीक दिवस लागतात. पशुवैद्यकीय औषधाच्या वेष्टनावर हा काळ छापावा लागतो. छापलेला नसेल तर भारतातल्या औषध नियमांनुसार अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे असतात. चरबी आणि कलेजी-गुर्दे यांनाही हेच २८ दिवस लागू आहेत. आजारी पडलेली शेळी इंजेक्शननं उठली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी कापली, की ते औषध थेट ताटात येतं. इंजेक्शन टोचलेल्या जागेभोवती ते सगळ्यात जास्त उरतं.

उकळल्यानं सगळी प्रतिजैविकं नष्ट होत नाहीत. अवशेषांपेक्षाही मोठा धोका म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू. शेडमध्ये सतत औषध मिळालं की असेच जिवाणू उरतात आणि कच्च्या मांसावरून आपल्या ओट्यावर येतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जात होतं. खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर भारतानं २०१९ मध्ये बंदी घातली. दुकानदाराला औषधाबद्दल विचारून उपयोग नाही, त्याला ठाऊकच नसतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बोकड घेत असाल तर मात्र ‘शेवटचं इंजेक्शन कधी दिलं आणि कुठलं?’ हे जरूर विचारा.

घरी आणल्यावर

कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका, शिंतोडे दोन-तीन फुटांपर्यंत उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा, पाणी सावकाश ओता आणि मग सिंक साबणानं घासा. मांस चिरायची फळी आणि सुरी कोशिंबिरीसाठी वापरू नका. चिकनवरचे जिवाणू शिजताना मरतात, काकडीवर गेलेले मरत नाहीत.

मटण ताजं कापलेलं असेल तर दोनच वाटा: दोन-तीन तासांत शिजवा, नाहीतर फ्रिजच्या खालच्या भागात २४ तास ठेवून मग शिजवा. मधल्या वेळेत स्नायू आखडलेले असतात. गरम मटण थेट फ्रीझरमध्ये टाकलं तर ते आखडलेल्या अवस्थेतच गोठतं आणि नंतर कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट राहतं. चिकन चार ते सहा तासांत सैल होतं.

फ्रिज ४ अंशांच्या खाली असेल तर चिकन आणि खिमा एक ते दोन दिवस, मटणाचे तुकडे तीन-चार दिवस. फ्रीझर उणे १८ अंश. बाहेर काढलेलं मांस रात्रभर फ्रिजच्या तळाशी वितळवा, ओट्यावर नको.

कढईत

दिसेल तेवढी चरबी कच्च्यातच काढा. चिकनची कातडी काढली की मोठा भाग तिथेच कमी होतो. रस्सा आदल्या दिवशी करून चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवला तर वरचा थर चमच्यानं उचलता येतो. नंतर गरम करून कोथिंबीर घाला, चवीला फरक पडत नाही. तसंही, बोकडानं काय खाल्लं याची बारीक चौकशी करून एका किलोला दीड वाटी तेल ओतणाऱ्यानं चौकशीचे कष्ट घेतले नसते तरी चाललं असतं.

चिकनच्या आतलं तापमान ७४ अंशांवर जायला हवं. मांडीच्या हाडाजवळ रस गुलाबी दिसत असेल तर अजून ठेवा. मटणाला एका किलोमागे १०० ग्रॅम दही, दोन चमचे आलं-लसूण, अर्धा चमचा हळद आणि १० ग्रॅम मीठ लावून दोन तास ठेवा. जून बोकडाला कच्च्या पपईचा एक मोठा चमचा पुरे. तासाभराच्या वर ठेवलात तर पृष्ठभाग पिठूळ होतो. कोवळं मटण तीन-चार शिट्ट्या आणि मंद आचेवर १० मिनिटं, दोन वर्षांच्या पुढचं २५ ते ३० मिनिटं. तंदूर किंवा निखाऱ्यावर करताना काळा जळलेला भाग खरवडून टाका, त्यात कर्करोगाशी संबंध असलेले पदार्थ तयार होतात. मॅरिनेट केल्यानं ते कमी होतात.

कुणी किती

बकरा, मेंढी, म्हैस, डुक्कर मिळून आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, ही जागतिक कर्करोग संशोधन निधीची मर्यादा आहे. हाडांसकट कच्चं मटण धरलं तर माणशी आठवड्याला किलोभराच्या आत. सॉसेज, सलामी, हॅम यांना वेगळं धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत, टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. इथे जनावरानं काय खाल्लं याला फारसा अर्थ उरत नाही. मीठ, नायट्राइट आणि धूर यांचा वाटा मोठा असतो.

रक्त कमी असलेल्यांना मटणातलं लोह चांगलं लागतं, शिवाय त्याच ताटातल्या भाकरी-पालेभाजीतलं लोहही त्यामुळे जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते शोषण कमी होतं. तासभर थांबा.

कलेजीबद्दल दोन अपवाद. गरोदर बाईनं ती टाळावी, कारण अ जीवनसत्त्वाची दिवसाची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम आहे आणि शंभर ग्रॅम कलेजीत ती सहज ओलांडली जाते. युरिक ॲसिड किंवा गाउट असलेल्यांनी कलेजी, गुर्दा, तिल्ली आणि भेजा बंद ठेवावं. रस्सा उकळताना युरिक ॲसिड वाढवणारं प्युरीन पाण्यात उतरतं, त्यामुळे अशा माणसाला नळीचा दाट रस्सा वाडगाभर पाजण्यापेक्षा मांसाचे दोन तुकडे वाढावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. बाकी घरात महिन्यातून दोनदा, शंभर-शंभर ग्रॅम, नीट बघून घेतलेली आणि आतपर्यंत शिजवलेली कलेजी चालते. वाढत्या मुलांना त्यातला निम्मा तुकडा पुरतो.